अण्णांच्या डोळ्यातली कडी आणि लेझरची घाई

पत्र असं आहे: "मावशी, नमस्कार. माझे वडील, आम्ही अण्णा म्हणतो, वय ६८, एसटीत ड्रायव्हर होते. चार महिन्यांपूर्वी उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. चष्माच लागणार नाही असं सांगितलं म्हणून मल्टिफोकल लेन्स टाकली, ६० हजार भरले. दिवसा पेपर बिनचष्म्याचा वाचतात. पण रात्री समोरून गाडी आली की लाइटभोवती कडी दिसतात, गाडी चालवायची हिंमत होत नाही. शिवाय उजव्या कडेला एक काळी सावली असते. अण्णा म्हणतात हे पहिल्या दिवसापासनं आहे, आई म्हणते पहिला महिना मस्त होतं, आता वाढलंय. डॉक्टर म्हणतात तक्त्यावरची शेवटची ओळ वाचतात म्हणजे डोळा उत्तम आहे, मागे थोडी जाळी आलीय, लेझर मारू. शेजारचे काका म्हणतात लेन्स डुप्लिकेट असणार, आणि डोळ्याला प्लॅस्टिक खपतच नाही, काढून टाका. डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. काय करू? — एक मुलगी, सातारा जिल्हा"

अगं, लेझरची तारीख घेतली असशील तर ती आधी आठ-दहा दिवस पुढे ढकल. रद्द कर म्हणत नाहीये. पण हे लेझर एकदा मारलं की मारलं, ते उलटं फिरवता येत नाही, आणि तुझं पत्र वाचून मला अजिबात खात्री वाटत नाहीये की अण्णांचा त्रास जाळीचाच आहे.

नवीन वाचणाऱ्यांसाठी परत सांगते, मी डॉक्टर नाही. ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी होते, म्हणजे नंबर काढायचा, प्रेशर बघायचं, शिबिरात मोतीबिंदूचे पेशंट निवडायचे, ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पट्ट्या सोडायच्या, यात २७ वर्षं गेली. त्यामुळे अण्णांच्या डोळ्यात काय आहे ते मी इथे बसून सांगू शकत नाही, पण डॉक्टरांना काय विचारायचं ते नक्की सांगू शकते, आणि ते विचारल्याशिवाय तिथून उठायचं नाही.

आधी आत काय असतं ते समजून घे. आपलं भिंग एका पातळ पारदर्शक पिशवीत असतं, द्राक्ष असतं ना तसं. ऑपरेशनमध्ये त्या द्राक्षाच्या पुढच्या सालीला गोल भोक पाडतात, आतला गढूळ झालेला गर काढून घेतात आणि रिकाम्या सालीत घडी घातलेली नवी लेन्स सोडतात, ती आत जाऊन हळूच उलगडते. मागची साल तशीच ठेवतात, कारण लेन्सला टेकायला ती लागते. आता सालीच्या आत काही पेशी चिकटून राहतातच, कितीही साफ केलं तरी, आणि त्या काही महिन्यांनी किंवा वर्षांनी वाढत वाढत मागच्या सालीवर पसरतात. हीच ती जाळी. लोक म्हणतात "मोतीबिंदू परत आला", तो परत येत नाही, ज्यात यायचा ते भिंगच उरलेलं नसतं. आणि अजून एक घोळ, आपल्याकडे या सालीलाही पडदा म्हणतात आणि डोळ्याच्या तळाशी असतो त्या रेटिनालाही पडदाच म्हणतात, त्यामुळे "पडद्याला लेझर करायचंय" ऐकून अर्धे लोक घाबरतात आणि अर्धे उगाच बिनधास्त राहतात. डॉक्टरांना विचारायचं, कुठला पडदा?

जाळीसाठी जे लेझर असतं ते यॅग. मशिनवर हनुवटी टेकवून बसायचं, टक टक आवाज येतो, पाच-दहा मिनिटांत मागच्या सालीला मधोमध खिडकी पडते. चिरा नाही, टाका नाही, भरती व्हायचं नाही. जाळी खरी असेल तर या लेझरइतका आनंद देणारी गोष्ट आमच्या खात्यात दुसरी नाही, माणूस घरी जाईपर्यंत भिंतीवरचे डाग मोजायला लागतो. म्हणजे लेझर वाईट अजिबात नाही. प्रश्न एवढाच आहे की अण्णांना ते हवंय का.

आणि त्याचं उत्तर बरंचसं एका प्रश्नात आहे: ऑपरेशननंतर मधे कधी असे दिवस होते का, की अण्णा म्हणाले, आता झकास दिसतंय, आणि मग हळूहळू गढूळ झालं? जाळीची चाल अशी असते. आधी स्वच्छ, मग धुकं. आणि जर पहिल्या आठवड्यापासूनच हीच कडी, हीच सावली, तशीच्या तशी असेल, तर तो त्रास बहुतेक लेन्सचा असतो, नंबरचा असतो, नाहीतर अश्रू कोरडे पडल्याचा असतो, आणि लेझरने त्यातलं काहीही जात नाही.

आता तू म्हणशील घरात यावरच तर भांडण आहे. मला वाटतं दोघंही खरं बोलतायत. आई बघते अण्णांना दिवसा, पेपर वाचताना, ते पहिला महिना छान वाचत होते. अण्णा बोलतायत रात्रीच्या रस्त्याबद्दल. ज्या माणसाने जन्मभर रातराणी चालवली त्याला समोरच्या हेडलाइटचं काय झालंय ते आपल्यापेक्षा जास्त कळतं. तेव्हा त्यांना "आधीपासून आहे का" असं मोघम विचारू नकोस, वेगवेगळं विचार. कडी कधीपासून? सावली कधीपासून? पेपरची अक्षरं आता पहिल्यापेक्षा फिकी वाटतात का? शेवटच्याला हो म्हणाले तर थोडीफार जाळी खरंच त्रास देत असेल, आणि तरीही कडी वेगळ्याच कारणाची असू शकतात.

मग संध्याकाळी त्यांना अंगणात बसव आणि रस्त्यावरच्या दिव्याकडे बघायला सांग, एक एक डोळा झाकून. झाकायचा तळहाताने, बोटांनी नाही, बोटांच्या फटीतून सगळे बघतात, मोठी माणसं तर आधी. आणि वहीत काढायला सांग काय दिसतं ते. दिव्याभोवती एकात एक स्वच्छ कडी, कोळ्याच्या जाळ्यासारखी, पण दिवा स्वतः धारदार, तर ही मल्टिफोकलची सही आहे. दिवाच फुगलेला, धुक्यात असल्यासारखा, तर जाळी, नाहीतर पुढची काच म्हणजे कॉर्निया सुजलेली. दिव्यातून एक लांब तिरकी रेघ निघते, तर कधी कधी मागच्या सालीला सुरकुती असते, ती रेघ काढते. चार-पाच वेळा डोळे मिचकावले की क्षणभर साफ होतं आणि परत मळतं, तर डोळा कोरडा आहे, आणि ऑपरेशननंतर हे इतकं कॉमन आहे की सगळे विसरतात. मी पाहिलेत लोक, लेन्स बदलायला निघालेले, आणि महिनाभर साध्या अश्रूंच्या ड्रॉपवर शांत झालेले.

अजून एक, भिंतीवर कालनिर्णय असेलच. तो नेहमी जेवढ्या अंतरावरून वाचतात तेवढ्यावरून उजव्या डोळ्याने चौकोनांच्या रेघा बघायला सांग. रेघा वाकड्या, लाटेसारख्या दिसल्या किंवा मधलीच तारीख पुसट, तर गोष्ट रेटिनाच्या मधल्या भागाची आहे, तिथे पाणी धरून सूज येऊ शकते. ही सूज साधारण ऑपरेशननंतर महिना-दीड महिन्याने येते, शुगरवाल्यांना जास्त, आणि ओसीटी नावाच्या स्कॅनमध्ये लगेच दिसते. बहुतेकदा ड्रॉपनी उतरते. अण्णांना शुगर आहे का ते तू लिहिलं नाहीस बघ. असेल तर ओसीटीशिवाय लेझरला हो म्हणू नकोस.

आता कडी. मल्टिफोकल लेन्सवर बारीक बारीक गोल पायऱ्या कोरलेल्या असतात, त्या येणारा प्रकाश वाटून देतात, थोडा लांबच्या नजरेला, थोडा जवळच्या. म्हणून बिनचष्म्याचा पेपर वाचता येतो. पण वाटून दिलेला प्रकाश म्हणजे कुठल्याच कामाला पूर्ण प्रकाश नाही, रात्री सगळं थोडं फिकं वाटतं, आणि दिव्याची एक प्रतिमा धारदार असताना दुसरी तिच्यावरच पसरलेली असते, ती म्हणजे कडी. लेन्स खराब नाहीये, लेन्स तिचं काम करतेय. तक्ता कसा असतो, पांढऱ्यावर काळी ठळक अक्षरं आणि मागे लख्ख उजेड, त्यावर अण्णा शेवटची ओळ वाचणारच. "६/६ आहे म्हणजे तक्रार नाही" हे वाक्य मला कधीच पटलेलं नाही. अण्णा काही रात्री तक्ता वाचायला बाहेर पडत नाहीत.

खरं सांगू का, रात्री गाडी चालवणाऱ्या माणसाला ही लेन्स देण्याआधी कडी दिसतील हे सांगायलाच हवं होतं. सांगितलंही असेल, फॉर्मच्या तिसऱ्या पानावर. पॅकेजच्या कागदावर साधी, मधली, भारी अशा तीन ओळी असतात आणि मुलंबाळं म्हणतात, अण्णांसाठी भारीतलीच टाका, पैशाचं बघू नका. भारी म्हणजे चांगली असं नसतं गं. साध्या मोनोफोकलवर वाचायला चष्मा लागतो, पण रात्रीचा दिवा दिव्यासारखा दिसतो. तू पैसे भरलेस म्हणून स्वतःला दोष देऊ नकोस, हे आपल्याला कुणी समजावून सांगत नाही.

चांगली बातमी ही की मेंदू हळूहळू या कड्यांकडे दुर्लक्ष करायला शिकतो, बऱ्याच लोकांना तीन ते सहा महिने लागतात, काहींना आणखी. अण्णांना चारच झालेत. काहींचा मेंदू मात्र शिकतच नाही, मग लेन्स बदलायचा विचार होतो. आणि इथे तुझं लेझर आडवं येतं. लेन्स बदलायची तर मागची साल अखंड असणं फार महत्त्वाचं, ती असली की जुनी काढून नवी तिथेच बसवता येते. लेझरने खिडकी पाडली की मागचा जेलीसारखा भाग पुढे येऊ शकतो, लेन्स बदलणं अशक्य होत नाही पण बरंच जोखमीचं होतं, नवी लेन्स दुसरीकडे कुठेतरी अडकवावी लागू शकते. म्हणून क्रम असा, की या लेन्सबरोबर राहायचंच आहे हे आधी नक्की करायचं आणि मगच यॅग. तुझ्या डॉक्टरांना थेट विचार, "ही जी थोडी जाळी आहे ती एवढी आहे का की कडी तिच्यामुळेच असतील?" आणि "लेझरनंतरही कडी राहिली तर पुढे काय?" उत्तर आडवळणाचं आलं तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखव. दुसरं मत घेणं म्हणजे पहिल्यांचा अपमान नाही, चांगले डॉक्टर चिडत नाहीत. आणि फार वर्षं वाटही बघायची नाही, साल लेन्सभोवती आवळत जाते, जितका उशीर तितकं बदलणं अवघड.

सावलीचं माझ्याकडून ऐक, कारण ती मी स्वतः भोगलीय. माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, साधीच लेन्स, तिसऱ्या दिवशी चहा गाळत होते आणि सारखं वाटायचं डाव्या बाजूला कुणीतरी येऊन उभं राहिलंय. दोनदा वळून "काय गं?" म्हटलं, घरात कुणी नव्हतं. चंद्रकोरीसारखी काळी कड, कानाच्या बाजूला. मला तर माहीत होतं हे काय असतं तरी पोटात गोळा आला. कानाच्या बाजूने येणारा उजेड लेन्सच्या कडेपाशी असा काही वळतो की रेटिनाच्या एका पट्टीवर पोचतच नाही, साधारण असं त्याचं कारण सांगतात. गंमत बघ, आजकालच्या लेन्सची कड मुद्दाम चौकोनी ठेवतात, म्हणजे जाळीच्या पेशींना ओलांडता येत नाही आणि जाळी कमी येते, पण तीच चौकोनी कड अशा सावल्या आणि चमका जास्त देते. एका बाजूने ओढलं की दुसऱ्या बाजूने सुटतं. अण्णांना कानशिलाजवळ हात आडवा धरायला सांग, बाजूचा उजेड अडेल असा. सावली कमी झाली तर ती हीच. जाड काड्यांचा चष्मा, अगदी झिरो नंबरचा, लावला तरी बरं वाटतं. माझी पाच-सहा महिन्यांत विरली, म्हणजे असेलही अजून, मला दिसत नाही.

पण थांब. ही सावली जागच्या जागी असते, पहिल्यापासून असते, वाढत नाही. सावली रोज थोडी थोडी मधे सरकतेय, पडदा ओढल्यासारखी, किंवा अंधारात विजेसारख्या चमका, किंवा अचानक डोळ्यासमोर काळे ठिपके, काजळी उडाल्यासारखे, यातलं काहीही असलं तर ते रेटिना सुटण्याचं लक्षण असू शकतं. मग हे पत्र बाजूला ठेव आणि त्याच दिवशी जा. रविवार असो, दिवाळी असो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर हा धोका थोडा वाढतो, लेझरनंतरही, आणि ज्यांना आधी मोठा मायनस नंबर होता त्यांना जास्त.

तसंच डोळा दुखायला लागला, लाल झाला आणि नजर उतरली, तिन्ही एकत्र, तर तासांचा हिशोब असतो. जंतूंचा संसर्ग बहुतेक पहिल्या आठवड्यात होतो पण काही जंतू आळशी असतात, महिन्यांनी डोकं वर काढतात. अशा वेळी मेडिकलवाल्याकडून ड्रॉप आणून "उद्या बघू" करायचं नाही. माझ्या एका मावससासूबाईंनी केलं, शेजारणीच्या सुनेचे उरलेले ड्रॉप चार दिवस घातले. पुढचं लिहीत नाही.

आता काकांचं डुप्लिकेट प्रकरण. प्रत्येक लेन्सच्या डबीत स्टिकर येतात, त्यावर कंपनी, मॉडेल, पॉवर, सीरियल नंबर असतो, एक स्टिकर केसपेपरवर आणि एक पेशंटच्या कार्डावर लावायचा असतो. कार्ड शोध, फ्रिजवर किंवा रेशनकार्डाच्या पिशवीत सापडेल. नसेल तर हॉस्पिटलमधून ऑपरेशनचे कागद लेखी माग, मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असा नियम आहे. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना हे कागद, जुन्या चष्म्याचा नंबर आणि ऑपरेशनआधी मशिनवर लेन्सची पॉवर काढली तो रिपोर्ट, तिन्ही हवेत.

आणि काकांना सांग, डोळ्याला प्लॅस्टिक खपत नाही हे खरं असतं तर ही लेन्स जन्मालाच आली नसती. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या कॉकपिटची पर्स्पेक्सची छत्री फुटून तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात जायचे, आणि हॅरोल्ड रिडली नावाच्या इंग्रज डॉक्टरांच्या लक्षात आलं की ते तुकडे आत पडून राहिले तरी डोळा चिडत नाही. त्यावरून त्यांनी त्याच जातीच्या प्लॅस्टिकची लेन्स करून २९ नोव्हेंबर १९४९ ला लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात एका बाईंच्या डोळ्यात बसवली. लेन्स राहिली छान, पण नंबर असा चुकला की बाईंना उणे १८ च्याही वरचा चष्मा लागला! आता नंबर क्वचितच एवढा चुकतो, पण अर्धा-पाऊण नंबर इकडेतिकडे होतो, आणि मल्टिफोकलमध्ये तेवढाही खुपतो. म्हणून अण्णांचा नंबर परत नीट काढून घे, तिरका नंबर राहिलाय का बघायला सांग. कधी कधी रात्रीपुरता हलका चष्मा दिला की निम्मी कडी जातात. "चष्माच लागणार नाही" या शब्दाला चिकटून बसू नका.

लेन्स खरंच बिघडते अशाही गोष्टी आहेत, पण त्या अण्णांच्या गोष्टीत बसत नाहीत, म्हणून पटकन सांगते. काही जातीच्या पाणी धरणाऱ्या मऊ लेन्स वर्षांनी आतूनच पांढुरक्या होतात, कॅल्शियम साचून, ती जाळी समजून लेझर मारलं तर उपयोग शून्य, लेन्सच बदलावी लागते. काही डोळ्यांत लेन्स जागची सरकते, पिशवी धरणारे धागे कच्चे असले तर किंवा नातवाचा बॉल लागला तर, मग एकाच डोळ्याने दोन दोन दिसतं. आणि लेन्सचा पाय, म्हणजे तिला जागेवर धरणारी बारीक काडी, बुबुळाला घासत असेल तर अधूनमधून डोळा लाल होतो, प्रेशर वाढतं, तास-दोन तास धुकं येतं आणि आपोआप जातं, आणि डॉक्टरांकडे पोचेपर्यंत सगळं नॉर्मल असतं. असं काही असेल तर त्याच वेळी मोबाइलवर डोळ्याचा फोटो काढून ठेवायचा. दुसऱ्या डॉक्टरांना बाहुली मोठी करून लेन्स मधोमध आहे का तेवढं बघायला सांग म्हणजे झालं.

समजा सगळं तपासून ठरलं की जाळीच आहे आणि लेझर करायचंय, तर कर, बिनधास्त कर. त्या दिवशी अण्णांना गाडी घेऊन जाऊ देऊ नकोस, बाहुली मोठी केलेली असते. लेझरनंतर प्रेशर बघितल्याशिवाय निघायचं नाही. पुढचे काही दिवस डासासारखं काही फिरताना दिसेल, ते हळूहळू बसतं. वर लिहिलेल्या चमका आणि पडदा मात्र लक्षात ठेव.

राहिला डावा डोळा. पुढच्या महिन्याची तारीख उद्याच फोन करून पुढे ढकल. तुला कदाचित सांगतील की दोन्ही डोळ्यात मल्टिफोकल झाली की मेंदूला जमतं, आणि ते काही लोकांच्या बाबतीत खरंही आहे, पण एका डोळ्याचं कारण कळलेलं नसताना दुसऱ्यात तीच लेन्स टाकायला माझं मन होत नाही. डाव्याचा मोतीबिंदू पिकायची वाट बघ असंही म्हणत नाहीये, ती जुनी समजूत आहे, फार पिकवला तर ऑपरेशन अवघड होतं, पण दोन-तीन महिन्यांनी सहसा काही बिघडत नाही, तरी बिघडणार नाही ना एवढं डॉक्टरांना विचारून घे. आणि डाव्या डोळ्यात साधी मोनोफोकल टाकली तर अण्णांना कसं वाटेल हा प्रश्न दुसऱ्या डॉक्टरांना अण्णांनाच विचारू दे, तू मधे बोलू नकोस. त्यांनी रात्री काय काय चालवलंय ते त्यांनाच सांगू दे. तोपर्यंत दिवसा गाडी चालवायला काही हरकत नाही असं डॉक्टर म्हणाले तर चालवू देत, रात्री मात्र किल्ली तुझ्याकडे. आणि वहीतलं ते दिव्याचं चित्र बरोबर न्यायला विसरू नकोस, मलाही फोटो पाठव.